रघुनाथरावास इंग्रजांचे लष्करी साहाय्य आणि त्यावरील प्रतिक्रिया

पेशवेपदाच्या वादात रघुनाथराव (राघोबादादा) यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने इ.स. १७७५ पासून सैन्य पुरवले. या साहाय्यातून पहिले इंग्रज–मराठा युद्ध (१७७५–१७८२) उद्भवले. साहाय्याच्या मोबदल्यात साष्टी बेट आणि वसई इंग्रजांना मिळावी, असे ठरले होते. त्यामुळे उत्तर कोकणातील ठाणे, वसई, कामण आणि दुगाड हा पट्टा युद्धाचे एक प्रमुख कारण ठरला आणि पुढे रणभूमीही झाला. या हस्तक्षेपाला पुण्याच्या बारभाई कारभाऱ्यांनी विरोध केला. कंपनीच्या कलकत्ता येथील वरिष्ठ सरकारने, गोव्याच्या पोर्तुगीजांनी, फ्रेंचांनी, हैदराबाद, म्हैसूर व नागपूरच्या दरबारांनी आणि शेवटी ब्रिटिश पार्लमेंटनेही त्यावर निरनिराळ्या प्रकारे प्रतिक्रिया दिली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांना मिळणारे साहाय्य थांबले आणि वसई मराठ्यांकडे परत आली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

पार्श्वभूमी

चिमाजी आप्पा यांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकून घेतली. साष्टी बेटही याच मोहिमेत मराठ्यांच्या ताब्यात आले होते. मुंबई बेटाला लागूनच असलेली साष्टी आणि खाडीच्या मुखावरील वसईचा किल्ला आपल्या हाती असावा, अशी मुंबईच्या इंग्रजांची तेव्हापासूनची इच्छा होती. मुंबईच्या संरक्षणाच्या दृष्टीने आणि धान्य, लाकूड व महसूल यांच्या दृष्टीनेही हा प्रदेश त्यांना महत्त्वाचा वाटे. १७७२ मध्ये पुण्याच्या दरबारी पाठवलेला कंपनीचा वकील टॉमस मॉस्टिन याच्याकडे ही ठिकाणे मिळवण्यासाठी प्रयत्न करण्याचे काम सोपवलेले होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशवे नारायणराव यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवले. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आदी मुत्सद्द्यांनी रघुनाथरावांविरुद्ध एकजूट केली. ही एकजूट ‘बारभाईंचे कारस्थान’ या नावाने ओळखली जाते. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला. या बालकास, म्हणजे सवाई माधवरावांना, अवघ्या चाळीस दिवसांच्या वयात पेशवेपदाची वस्त्रे देण्यात आली. या वारसाच्या जन्माविषयी रघुनाथरावांच्या पक्षाने शंका घेतली आणि पेशवेपदावर आपलाच हक्क असल्याचे सांगितले. बारभाईंच्या फौजांपुढे टिकाव न लागल्याने ते गुजरातेत गेले आणि त्यांनी इंग्रजांशी बोलणी चालवली.

साष्टीवरील स्वारी आणि पोर्तुगीजांचा निषेध

रघुनाथरावांशी तह पूर्ण होण्याआधीच मुंबई सरकारने साष्टीवर फौज पाठवली. पोर्तुगाल आपला गेलेला मुलूख परत घेण्याच्या तयारीत असून त्यासाठी आरमार येत आहे, असे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. डिसेंबर १७७४ मध्ये ही फौज रवाना झाल्यावर मुंबई बंदराबाहेर आलेल्या पोर्तुगीज आरमाराच्या प्रमुखाने साष्टी हा पोर्तुगालचा प्रदेश असल्याचे सांगून या स्वारीचा औपचारिक निषेध केला. पोर्तुगीजांचा हा आक्षेप मराठ्यांच्या बाजूने नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वी गमावलेल्या मुलुखावरील स्वतःचा दावा जिवंत ठेवण्यासाठी तो घेतलेला होता. हस्तक्षेपाविरुद्ध एखाद्या युरोपीय सत्तेने नोंदवलेला हा पहिला आक्षेप मानता येतो, परंतु त्याला लष्करी कृतीची जोड मिळाली नाही.

२८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. या वेढ्यात इंग्रज आरमाराचा अधिकारी जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत संपूर्ण साष्टी बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. अशा रीतीने साहाय्याचा करार होण्यापूर्वीच त्याचा निम्मा मोबदला बळाने घेतला गेला होता.

सुरतेचा तह

६ मार्च १७७५ रोजी सुरत येथे रघुनाथराव आणि मुंबई सरकार यांच्यात तह झाला. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्न्बी होता. तहातील प्रमुख अटी अशा होत्या :

• कंपनीने रघुनाथरावांच्या मदतीस सुमारे २,५०० सैनिक द्यावेत.
• या फौजेच्या खर्चासाठी रघुनाथरावांनी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत आणि तारण म्हणून सुमारे सहा लाख रुपयांचे जडजवाहीर ठेवावे.
• साष्टी व वसई कंपनीला कायमची द्यावी. सुरत व भडोच येथील महसुलाचा काही भागही कंपनीला मिळावा.
• रघुनाथरावांनी कंपनीच्या शत्रूंशी मैत्री करू नये आणि पुणे दरबाराशी समेट केल्यास त्यात इंग्रजांचा समावेश करावा.

हा तह दोन राज्यांमधील तहासारखा लिहिलेला असला, तरी त्याच्या दोन्ही पक्षांच्या अधिकाराविषयी प्रश्न होता. रघुनाथरावांच्या ताब्यात त्या वेळी राजधानी, खजिना किंवा वसई यांपैकी काहीच नव्हते. मुंबई सरकारलाही स्वतःच्या मर्जीने युद्ध पुकारण्याचा अधिकार उरलेला नव्हता.

तहानुसार कर्नल कीटिंगच्या हाताखालील इंग्रज फौज रघुनाथरावांना जाऊन मिळाली. १८ मे १७७५ रोजी गुजरातेत अडास येथे हरिपंत फडके यांच्या फौजेशी तिची लढाई झाली. हरिपंतांची फौज मागे हटली, परंतु इंग्रजांचीही मोठी हानी झाली आणि पुण्यावर चालून जाण्याचा बेत तडीस गेला नाही.

कलकत्ता सरकारची प्रतिक्रिया

ब्रिटिश पार्लमेंटने १७७३ मध्ये केलेल्या नियामक कायद्याने (रेग्युलेटिंग ॲक्ट) मुंबई व मद्रास ही सरकारे युद्ध व तह यांच्या बाबतीत कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल व त्याच्या कौन्सिलच्या देखरेखीखाली आणली होती. सुरतेचा तह करताना मुंबईने ही परवानगी घेतली नाही. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलातील क्लेव्हरिंग, मॉन्सन व फ्रान्सिस यांच्यात जवळजवळ प्रत्येक विषयावर मतभेद असत. मुंबईने अधिकाराबाहेर जाऊन तह केला, याबाबत मात्र कलकत्त्याची भूमिका ठाम राहिली. मे १७७५ च्या अखेरीस पाठवलेल्या पत्रात कलकत्ता सरकारने हे युद्ध धोरणाच्या दृष्टीने अयोग्य, कंपनीला धोक्याचे, विनापरवाना आणि अन्याय्य ठरवले व फौज मागे घेण्याचा आदेश दिला.

यानंतर कलकत्त्याहून कर्नल जॉन अप्टन याला थेट बारभाईंकडे वाटाघाटीसाठी पाठवण्यात आले. १ मार्च १७७६ रोजी झालेल्या पुरंदरच्या तहाने सुरतेचा तह रद्द झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांची बाजू सोडावी, रघुनाथरावांनी वेतन घेऊन कोपरगाव येथे राहावे आणि पुणे दरबाराने युद्धखर्चापोटी बारा लाख रुपये द्यावेत, असे ठरले. वसई मराठ्यांकडे राहिली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच ठेवण्यात आली. हस्तक्षेप अन्याय्य म्हणणाऱ्या सरकारनेच त्यातून मिळालेले बेट सोडण्यास नकार दिला आणि युद्धाचा खर्चही ज्यांच्यावर स्वारी झाली त्यांच्याकडून मागितला.

पुरंदरचा तहही फार काळ टिकला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीच्या लंडनमधील संचालकांचे पत्र मुंबईस पोहोचले. त्यात सुरतेच्या तहास संमती दर्शवलेली होती. लंडनहून येणाऱ्या टपालास कित्येक महिने लागत असल्याने तीन ठिकाणची तीन धोरणे एकाच वेळी अमलात होती. मुंबई सरकारने या पत्राचा आधार घेऊन रघुनाथरावांना आश्रय देणे चालूच ठेवले. दरम्यान मॉन्सन १७७६ मध्ये आणि क्लेव्हरिंग १७७७ मध्ये मरण पावल्याने कौन्सिलात हेस्टिंग्जचे पारडे जड झाले आणि कलकत्त्याचा विरोधही मावळत गेला.

फ्रेंचांची भूमिका

१७७७ मध्ये सें ल्युबँ हा फ्रेंच गृहस्थ चौल येथे उतरून पुण्यास आला. आपण फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचे वकील आहोत, असे तो सांगे. नाना फडणवीसांनी त्याचे सन्मानाने स्वागत केले. फ्रेंचांनी सैन्य व युद्धसामग्री द्यावी आणि त्यांना कोकण किनाऱ्यावर बंदराची सवलत मिळावी, अशा स्वरूपाची बोलणी झाली. प्रत्यक्षात या बोलण्यांतून पुण्याला फौज मिळाली नाही. इंग्रजांवर मात्र त्यांचा परिणाम मोठा झाला. नाना फडणवीस एका युरोपीय सत्तेचा उपयोग दुसरीला वचक बसवण्यासाठी करीत होते, असे अनेक इतिहासकार मानतात. मुंबई व कलकत्ता सरकारांनी मात्र फ्रेंचांची ही उपस्थिती रघुनाथरावांना पुन्हा साहाय्य देण्याचे कारण म्हणून पुढे केली. १७७८ मध्ये अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धाच्या निमित्ताने ब्रिटन व फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू झाल्यावर या युक्तिवादाला अधिक बळ मिळाले.

वडगावचा करार

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबई सरकारने रघुनाथरावांशी नवा करार करून सुमारे ३,९०० सैनिकांची फौज बोरघाटातून पुण्याकडे पाठवली. मराठ्यांनी वाटेतील दाणावैरण नष्ट केली आणि फौजेची रसद तोडली. तळेगावपर्यंत आलेली ही फौज जानेवारी १७७९ मध्ये माघार घेऊ लागली, तेव्हा वडगाव येथे ती महादजी शिंदे व इतर मराठा सरदारांच्या फौजांनी वेढली गेली. तेथे झालेल्या करारात रघुनाथरावांना मराठ्यांच्या स्वाधीन करण्याचे आणि साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला प्रदेश परत करण्याचे इंग्रजांनी मान्य केले. पुढे मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी, करार करणाऱ्यांना तसा अधिकार नव्हता असे सांगून, तो नाकारला. रघुनाथरावही निसटून पुन्हा इंग्रजांच्या आश्रयास गेले. कलकत्ता सरकारने पाठवलेली फौज मध्य हिंदुस्थान ओलांडून गॉडर्डच्या हाताखाली फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेस पोहोचली. तिने फेब्रुवारी १७८० मध्ये अहमदाबाद घेतले.

चौकडीचा संघ

वडगावचा करार नाकारला गेल्यानंतर इंग्रजांशी केलेल्या तहांवर विसंबता येत नाही, ही भावना हिंदुस्थानातील इतर दरबारांतही बळावली. हैदराबादचा निजाम अली गुंटूर प्रांताच्या प्रश्नावरून मद्रास सरकारवर नाराज होता. म्हैसूरचा हैदर अली आपल्या संरक्षणाखालील माहे हे फ्रेंच ठाणे इंग्रजांनी १७७९ मध्ये घेतल्यामुळे संतापलेला होता. पुणे दरबार, निजाम, हैदर अली आणि नागपूरकर भोसले यांनी एकाच वेळी इंग्रजांवर निरनिराळ्या दिशांनी चालून जावे, अशी योजना १७८० च्या आरंभापर्यंत आकारास आली. पुणे, हैदराबाद व म्हैसूर यांच्यात त्यापूर्वी वारंवार युद्धे झाली होती. त्यामुळे त्यांचे एकत्र येणे ही त्या काळातील मोठी राजकीय घटना होती.

संघातील चौघांनीही आपला वाटा सारखा उचलला नाही. हैदर अलीने जुलै १७८० मध्ये कर्नाटकात स्वारी केली आणि सप्टेंबरमध्ये पोल्लिलूर येथे कर्नल बेली याच्या फौजेचा पुरता पराभव केला. पुण्याच्या फौजा गुजरात, कोकण व माळव्यात लढत राहिल्या. निजामाला गुंटूर परत मिळाल्यावर तो स्वस्थ बसला. नागपूरची फौज चिमणाजी भोसले यांच्या नेतृत्वाखाली कटककडे गेली. पण हेस्टिंग्जने पैसे देऊन तिला बंगालवरील स्वारीपासून परावृत्त केले.

वसईचा वेढा आणि दुगाडची लढाई

सुरतेच्या तहात कागदावर मिळालेली वसई प्रत्यक्ष घेण्यासाठी गॉडर्ड नोव्हेंबर १७८० मध्ये तेथे पोहोचला. वसईचा किल्ला खाडीच्या मुखावर असून त्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग आणि कामणदुर्ग आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील कामण हे गाव या डोंगरांच्या पायथ्याशी, वसईहून भिवंडीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. घाटावरून किल्ल्याला येणारी कुमक याच डोंगराळ भागातून वसईकडे उतरणार असल्याने ती अडवण्याचे काम कर्नल हार्टलीकडे देण्यात आले. कल्याणच्या परिसरात मोहीम करीत असलेला हार्टली सुमारे २,००० सैनिकांसह तुंगारेश्वराच्या पूर्वेस वज्रेश्वरीनजीक दुगाड येथे आला.

मराठ्यांच्या कुमकेचे नेतृत्व रामचंद्र गणेश यांच्याकडे होते. त्यांच्याजवळ २०,००० हून अधिक फौज होती. मराठ्यांच्या चाकरीत असलेला नोरोन्हा हा पोर्तुगीज अधिकारीही त्यांच्यासोबत होता. १० डिसेंबरपासून मराठ्यांनी हार्टलीच्या फौजेवर हल्ले सुरू केले. १२ डिसेंबर १७८० रोजी सकाळी दाट धुक्याचा आडोसा घेऊन केलेल्या हल्ल्यात रामचंद्र गणेश मारले गेले, नोरोन्हा जखमी झाला आणि मराठा फौज मागे हटली. ज्या किल्ल्याच्या मदतीसाठी ही लढाई चालली होती, तो वसईचा किल्ला आदल्याच दिवशी, ११ डिसेंबर रोजी, गॉडर्डच्या स्वाधीन झाला होता. जानेवारी १७८१ मध्ये अर्नाळाही इंग्रजांनी घेतला.

यानंतर गॉडर्डने बोरघाटातून पुण्यावर दबाव आणण्याचा प्रयत्न केला. परंतु मराठ्यांनी त्याची रसद तोडल्याने एप्रिल १७८१ मध्ये त्याला मोठे नुकसान सोसून कोकणात परतावे लागले.

ब्रिटनमधील प्रतिक्रिया

रघुनाथरावांनी आपली बाजू मांडण्यासाठी इंग्लंडला वकील पाठवले होते. हणमंतराव हे ब्राह्मण वकील आणि त्यांच्यासोबतचे मणियार रतनजी व त्यांचे पुत्र हे पारशी गृहस्थ १७८१ मध्ये लंडनमध्ये होते. खाण्यापिण्याचे व पूजाअर्चेचे नियम पाळणे हणमंतरावांना तेथे अवघड जात होते. त्या वेळी पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या घरी नेऊन त्यांची सोय केली.

कंपनीच्या युद्धांची चौकशी करण्यासाठी पार्लमेंटने १७८१ मध्ये समित्या नेमल्या होत्या. हेन्री डंडास यांच्या गुप्त समितीच्या अहवालानंतर मे १७८२ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ठराव संमत केले. वॉरन हेस्टिंग्ज व विल्यम हॉर्न्बी यांचे वर्तन राष्ट्राच्या प्रतिष्ठेला व धोरणाला सोडून असल्याचे आणि त्यामुळे हिंदुस्थानावर मोठी संकटे व कंपनीवर प्रचंड खर्च ओढवल्याचे त्यांत नमूद होते. दोघांनाही परत बोलवावे, असेही म्हटले होते. कंपनीच्या भागधारकांनी मात्र हेस्टिंग्जला परत बोलावण्यास विरोध केला. १७८४ च्या पिटच्या इंडिया कायद्यात हिंदुस्थानात विजय व राज्यविस्ताराच्या योजना आखणे हे ब्रिटनच्या इच्छेविरुद्ध असल्याचे कलम घालण्यात आले. लंडनच्या आदेशाशिवाय युद्ध पुकारण्यावर किंवा युद्धात ओढणारे तह करण्यावरही त्याने मर्यादा आणली. मात्र कंपनीवर किंवा तिच्या संरक्षणाखालील राज्यांवर हल्ला होत असल्यास अपवाद ठेवला. १७८६ मध्ये बर्क यांनी हेस्टिंग्जविरुद्ध मांडलेल्या आरोपांत मराठ्यांशी झालेल्या युद्धाचाही समावेश होता.

सालबाईचा तह

माळव्यातील लढायांनंतर ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजी शिंदे आणि कर्नल म्यूर यांच्यात समेट झाला. पुढे इंग्रजांचा वकील डेव्हिड अँडरसन याच्याशी महादजींनी केलेल्या वाटाघाटींतून १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. त्यात १७ कलमे होती. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी पेशव्यांचा जो प्रदेश घेतला होता, तो वसईसह परत करण्याचे ठरले. साष्टी व मुंबईनजीकची काही लहान बेटे इंग्रजांकडे राहिली. रघुनाथरावांना इंग्रजांनी यापुढे पैशाची वा फौजेची मदत करू नये आणि रघुनाथरावांनी दरमहा २५,००० रुपये वेतन घेऊन राहावे, असे कलम होते. पेशव्यांच्या मुलखात इंग्रज व पोर्तुगीज यांच्याखेरीज इतर युरोपीयांना वखारी काढू न देण्याचे मान्य करून पुण्याने फ्रेंचांचा पर्यायही सोडून दिला.

हैदर अलीने कर्नाटकात जिंकलेला प्रदेश परत करावा, अशीही एक अट या तहात होती. हैदर अली मात्र या तहात सहभागी नव्हता. नाना फडणवीसांनी तहास मान्यता देण्याचे लांबणीवर टाकले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर अलीचा मृत्यू झाल्यानंतरच, त्याच महिन्यात, पुण्याने त्यावर संमतीची मोहर उमटवली. हैदरचा पुत्र टिपू सुलतान मार्च १७८४ मधील मंगळूरच्या तहापर्यंत एकटाच लढत राहिला. रघुनाथरावांचे निधन डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगाव येथे झाले.

मूल्यमापन

रघुनाथरावांना पेशवेपद मिळवून देणे हा हस्तक्षेपाचा घोषित हेतू होता. सात वर्षांच्या युद्धानंतरही तो साध्य झाला नाही. मराठ्यांनी लढाई व तह यांचा एकाच वेळी उपयोग करून परकीय फौजेच्या बळावर पुण्याचा कारभार बदलू दिला नाही, हे या संघर्षाचे प्रमुख फलित मानले जाते. तहानंतर इंग्रज व मराठे यांच्यात सुमारे वीस वर्षे शांतता राहिली.

या काळात ‘आक्रमक युद्ध’ ही कायदेशीर संज्ञा रूढ नव्हती. त्यामुळे आजच्या व्याख्या जशाच्या तशा तेव्हाच्या घटनांना लावणे योग्य ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९७४ रोजी स्वीकारलेल्या आक्रमणाच्या व्याख्येत आक्रमणातून मिळालेला प्रदेश कायदेशीर मानू नये, असे तत्त्व आहे. अठराव्या शतकात असा नियम नव्हता. कलकत्त्याने, पोर्तुगीजांनी आणि पार्लमेंटने आपापल्या कारणांसाठी या युद्धाला आक्षेप घेतला. पण साष्टी मूळ मालकास परत करावी, असा आग्रह त्यांच्यापैकी कोणी धरला नाही. पुरंदर आणि सालबाई या दोन्ही तहांनी ते बेट इंग्रजांकडेच ठेवले आणि पुढे ते मुंबईच्या विस्ताराचा भाग बनले.

साहाय्याच्या बदल्यात मुलूख घेण्याची पद्धतही या तहांनी संपली नाही. रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी यशवंतराव होळकरांकडून पराभूत झाल्यावर इंग्रजांचा आश्रय घेतला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथेच तह केला. त्यानुसार ६,००० सैनिकांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख देण्याचे ठरले. या तहावर लंडनमध्ये लॉर्ड कॅसलरे यांनी टीका केली. दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांनी तो मान्य केला नाही आणि १८०३ मध्ये दुसरे इंग्रज–मराठा युद्ध सुरू झाले. या वेळी मात्र हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने होते, टिपू सुलतान १७९९ मध्येच मारला गेला होता आणि होळकर प्रारंभी युद्धापासून अलिप्त राहिले. १७८० साली उभा राहिला तसा संयुक्त प्रतिकार पुन्हा घडून आला नाही.